वेणीचा शेंडा आणि बाराखडी

माझा उजवा हात बहुतेक वेळा माझ्या ताब्यात नसतो. तो वेणीच्या शेंड्यापाशी असतो. वेणी खांद्यावरून पुढे ओढायची, शेंडा बोटाभोवती गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, गॅसवरच्या दुधाकडे बघताना. दूध उतू जातं, कारण लक्ष वेणीत असतं. विहारात वंदनेला बसलो की आई डोळे मिटलेले ठेवूनच माझ्या हातावर चापट मारते. मिटल्या डोळ्यांनी तिला कसं दिसतं, ते मला अजून कळलेलं नाही.

केस आहेत कमरेखाली वीतभर. कापून टाक म्हणणारे पुष्कळ झाले. पण मी हट्टी आहे आणि वर तोंडाळ आहे, त्यामुळे सांगणारे आपणच दमतात. आई म्हणते, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही." पप्पांचं आयुष्य अंबडच्या एका कंपनीत माल तपासण्यात गेलं. ते म्हणतात, "बाळा, तू मशीनवर असतीस ना, तर एव्हाना टक्कल पडलं असतं." मी म्हणायचे, "मी कुठं मशीनवर आहे? मी शाळेत आहे. माझ्या वेणीनं कुणाचं काय बिघडतंय?"

हे मी मोठ्या ठसक्यात म्हणायचे, तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

माझी शाळा जिल्हा परिषदेची. नाशिकहून गिरणाऱ्यावरून निघायचं, वाघेऱ्याचा घाट पार करायचा, मग हरसूल, आणि हरसूलच्या पुढे तीन किलोमीटरवर आमचा पाडा. दीड तास जायला, दीड तास यायला, स्कूटरवर. नाशिकच्या बायका गाडीवर बसताना डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ असा आवळतात की नवऱ्यानंसुद्धा ओळखू नये. मीही तशीच जाते. वेणी जॅकेटच्या आत, वर हेल्मेट. शाळेत पोचले की पहिलं काम म्हणजे वेणी बाहेर काढणं. हजेरी त्याच्यानंतर.

माझ्याकडे दुसरी आणि तिसरीची पोरं. त्यांत तिसरीतली एक पोर माझी भारी लाडकी होती. बारीकशी, दोन दात पडलेले, परकराला कायम भाताचा तूस चिकटलेला. वाचायला उठवलं की ही इतर पोरांसारखी ततपप करायची नाही. 'मोर' शब्दावर बोट ठेवलं की हळूच पुटपुटायला लागायची, "म, मा, मि, मी, मु, मू, मे, मै, मो..." आणि 'मो'पाशी बरोब्बर थांबून खणखणीत आवाजात म्हणायची, "मोर!" एकदाही चुकायची नाही. मला वाटायचं, किती गुणी पोर! प्रत्येक शब्दाला अख्खी बाराखडी घोकते, कुणी करेल का एवढे कष्ट? मी लाल पेनानं तिच्या वहीत चांदण्या काढायचे. वही नुसती चांदण्यांनी भरली होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी तिची आई दारात येऊन उभी राहिली. कडेवर बारका, वर्षाचाही नसेल.

"बाई, भात झोडून झालं का आम्ही विंचूरकडं द्राक्षांवर जाणार. हिला नेते. बारका सांभाळाया कोण हाय?"

"अहो, शाळा बुडेल की तिची! होळीपर्यंत तुम्ही यायच्या नाहीत."

"बुडंल तं बुडंल. हितं बसून तरी काय करतीय? वाचाया येतंय का तिला?"

"येतं का म्हणजे? वर्गात सगळ्यांत छान वाचते ती!"

बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग बारक्याला या कडेवरून त्या कडेवर घेत तिनं गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. विंचूरला जायचं म्हणून ती नाशिकच्या स्टँडवर बोचकं घेऊन उभी. कुणीतरी म्हणालं, ही गाडी जाते. ही चढली आणि पोचली वणीला, पार भलत्याच दिशेला. पोटात हा बारका होता. दिवसभर हिंडली, ज्याला त्याला विचारत. "पाटी वाचता आली असती तं कशाला कुणाच्या पाया पडावं लागलं असतं? लय रडले मी तवा." असं म्हणून ती स्वतःच हसली. मग म्हणाली, "हिला पाटी वाचाया येत असंल तं मी हिला ठेवीन आजीकडं. बारक्याला झोळीत टाकीन बागंत. पण येत नसंल तं उगा कशाला?"

इथं गप्प बसावं ना माणसानं? पण नाही. मी नाक वर करून म्हणाले, "उद्या हरसूलचा बाजार. सकाळी स्टँडवर या हिला घेऊन. मी येतेच त्याच रस्त्यानं. कुठलीही पाटी दाखवा. नाही वाचली तर नाव बदलीन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर स्टँडसमोर लावली. माणसांची ही गर्दी. भाज्यांच्या पाट्या, कोंबड्या, पोरंटोरं. मायलेकी आधीच येऊन उभ्या होत्या. आईनं समोरच्या एसटीकडे बोट केलं. "हं. वाच."

पाटीवर दोनच अक्षरं होती. पेठ. मला तर हसूच आलं. हा तर हिच्या हातचा मळ!

पोरगी पुटपुटायला लागली. "प, पा, पि, पी, पु, पू, पे, पै..." अगं, गेली की पुढे! "पो, पौ, पं, पः." बाराखडी संपली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या खांद्याकडे. पुन्हा सुरू केलं. "प, पा, पि..." पुन्हा शेवटपर्यंत गेली. आणि अगदी काकुळतीनं ती मला म्हणाली, "बाई, येणी काढा ना भायेर."

"काय?"

"येणी. ती सोडता ना तुम्ही. तवा थांबायचं असतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच क्षणी कपाळावर हात मारायची वेळ आली. पोर पुटपुटत असायची तेव्हा मी शेंडा बोटाला गुंडाळत बसलेली असायचे, आणि बरोबर अक्षर आलं की 'हुश्श' करून सोडून द्यायचे. तिला अक्षरं येत होती. म, प, क, सगळी येत होती. काना, मात्रा, वेलांटीचा पत्ता नव्हता. ती बाराखडीची शिडी चढत जायची, आणि कुठल्या पायरीवर थांबायचं ते माझी वेणी सांगायची. आणि मी बया चांदण्या काढत होते!

आई हे सगळं ऐकत उभी होती. मला वाटलं आता ही चार शब्द सुनावणार, आणि सुनावायलाच हवे होते. पण ती तोंडाला पदर लावून फिसकन हसली. "म्हंजी शिकली ती तुमची येणी!" मग हसू आवरून म्हणाली, "जाऊ द्या बाई. नेते मी हिला."

मला इतकी लाज वाटली की हेल्मेटची काच खाली ओढून घ्यावीशी वाटली. पोरीची मान खाली गेलेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. समोर जे दिसत होतं, ते तिनं चोख वाचलं होतं. मी विचारलं, "भात झोडून व्हायला किती दिवस?"

"महिना तरी लागंल."

"मग महिन्यानं परत घ्या परीक्षा. इथंच. चूक माझी आहे, तिची नाही."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घेईन. पण येणी घरी ठेवून या."

शाळेत गेले ती तणतणतच. हेल्मेटही न काढता वर्गाला विचारलं, "माझ्या वेणीकडे बघून कोण कोण उत्तर देतं?" सगळे हात वर. दुसरीचेसुद्धा! एक पोरगा, ज्याचं कधीच काही बरोबर यायचं नाही, तो म्हणाला, "मला लय उशिरा कळलं बाई, म्हणून माझं चुकायचं." मग सगळ्यांनी मिळून मला धडा दिला. गुंडाळली म्हणजे चूक. सोडली म्हणजे बरोबर. झटकून मागं टाकली म्हणजे आता मार बसंल. आणि शेंडा दातांत धरला म्हणजे साहेब तपासणीला आलेत. माझ्या नकला करून दाखवल्या एकेकानं. मला राग यायला हवा होता, पण मी हसून हसून खाली बसले.

घरी पप्पांना सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले. आईनं पाणी आणून दिलं आणि "मी सांगतच होते" असं तीनदा म्हणून घेतलं. पाणी पिऊन पप्पा गंभीर झाले. म्हणाले, "आमच्या कंपनीत एक नियम होता. तपासणाऱ्याचा हात मापाला लागता कामा नये. लागला की माप खोटं. तू तिला तपासत नव्हतीस, बाळा. सांगत होतीस."

"मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम कोण करतं? पोरीनं पास व्हावं असं तुलाच फार वाटत होतं."

मी ताटावरून तशीच उठले. खरं बोललेलं मला कधीच पटकन पचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून केसांचा अंबाडा. डझनभर पिना टोचून घट्ट. पण हाताला कुठं चैन? तो ओढणीच्या टोकाशी जाऊ लागला. पोरांना दोन दिवसांत ओढणी पाठ. ओढणी पिनेनं लावून टाकली तर माझ्या भुवया बोलायला लागल्या. "बाईंची भुवई वर गेली रे!" असं पाठीमागून कुणीतरी हळूच सांगायचं आणि उत्तर बरोबर यायचं. एवढी हुशार पोरं, आणि मी त्यांना मात्रा शिकवू शकले नव्हते!

शेवटी मी खुर्ची उलटी फिरवली. तोंड फळ्याकडे, पाठ पोरांकडे. खिचडी खाऊन झाली की बाकीची पोरं खेळायला जायची आणि ती पोर माझ्या मागे पुस्तक घेऊन बसायची. ती वाचायची, मी नुसतं ऐकायचे. हे ऐकायला सोपं वाटतं. पण ती 'पे'पाशी अडखळून गप्प झाली की माझा जीव कासावीस व्हायचा. हात नुसते शिवशिवायचे. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे, आणि फळ्यावरची सुविचाराची ओळ हजार वेळा वाचायचे. दहा दहा मिनिटं ती एका शब्दावर बसलेली असायची. पूर्वी मी तिला तिचं तिचं अडखळूच दिलं नव्हतं.

तिनंच एक युक्ती काढली. घरून भाताच्या काड्या आणायची आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या अक्षरांना त्या लावायची. उभी काडी काना, डोक्यावर तिरपी काडी मात्रा. काडी उचलली की 'पेठ'चं 'पठ' व्हायचं, आणि ती खिदळायची. पंधरा दिवसांत तिचं पुटपुटणं थांबलं. शिडी लागेनाशी झाली. शब्दावर थेट उतरायला लागली, चुकत, धडपडत, पण स्वतःच्या पायांनी. त्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून मनसोक्त रडले, आणि तिला पत्ता लागला नाही याचं मला कोण समाधान वाटलं.

आणि मग एका दुपारी, वाचता वाचता ती थांबली. मला वाटलं जोडाक्षर आलं असेल. ती म्हणाली, "बाई, मी वाचलं तं आई मला हितंच ठेवून जाईल?"

माझी पाठ होती म्हणून बरं. तोंड समोर असतं तर तिनं ते वाचलं असतं. महिनाभर मी पेटून उठले होते. परीक्षा, पाटी, माझं तोंडघशी पडणं, माझी चूक. आठ वर्षांच्या पोरीला ही परीक्षा पास झाल्याचं बक्षीस काय मिळणार, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आई जाणार, बारका जाणार, ही राहणार.

खोटं बोलवेना. "हो," मी म्हणाले. "होळीपर्यंत. तू आजीपाशी राहशील, शाळेत येशील."

"आणि नाय वाचलं तं?"

"तर त्यांच्याबरोबर जाशील."

"बारक्याला माझ्याबिगर झोप येत नाय."

"वाचायचं की नाही ते तू ठरव," मी म्हणाले. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि ती पुढं वाचायला लागली.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर लवकर पोचले. स्कार्फ सोडला. त्या दिवशी घरून अंबाडा न बांधताच निघाले होते. वेणी जॅकेटच्या आतून काढून अंबाडा बांधायला लागले तेवढ्यात ती पोर धावत आली. "राहू दे बाई. येणी भायेर असू दे. फक्त पाठ फिरवा." मी वेणी पाठीवर टाकली, वळले, आणि हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिले. समोर भज्यांचा गाडा होता. भजीवाला माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत होता.

मागून आईचा आवाज आला. "हं, वाच. कोणती गाडी?"

काहीच नाही.

"वाच की गं."

काहीच नाही. ना पुटपुटणं, ना बाराखडी. मी हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. मला कळून चुकलं. येतंय तिला. तिनं ठरवलंय. आणि खरं सांगते, मला राग आला नाही. मी असते तर मीही हेच केलं असतं.

आईनं सुस्कारा टाकला. "बरं. चल मंग. घे ते बोचकं, चढ. हीच दिसते नाशिकची."

बांगड्या वाजल्या, बारका किंचाळला, गाडीच्या पायरीवर कुणाचा तरी पाय पडला. आणि मागून ती पोर जिवाच्या आकांतानं ओरडली, "आई, उतर! ही नाशिक नाय! ही ज... जव्हार! जव्हारला जाती ही!"

भजीवाल्याचा झारा कढईतच थांबला. मी वळले नाही. कशी राहिले, माझं मला ठाऊक. त्या आईनं ती गाडी चुकून धरली होती की मुद्दाम, ते मला आजवर कळलेलं नाही. तिचं तोंड मला दिसलं नाही. फक्त आवाज ऐकू आला. हसत होती का रडत होती, पण म्हणत होती, "माझी वाघीण गं! माझी बाय ती!"

पाच मिनिटांनी दुसरी गाडी आली. या वेळी कुणी विचारलं नाही. पोर आपणहून एक एक अक्षर सावकाश वाचत गेली. "ना. शि. क. आई, ही आपली." मग जरा थांबून म्हणाली, "ही तुझी."

आई पायरीवरून मला हाक मारून म्हणाली, "बाई, ठेवून चालले हो हिला!" मी पाठमोरीच मान हलवली. बारका रडायला लागला. त्याचं रडणं गाडीबरोबर लांब गेलं आणि घाटाकडच्या वळणावर ऐकू येईनासं झालं.

मी वळणार, तेवढ्यात वेणीला मागून हलकासा ओढा बसला.

"बाई, अजून वळू नका."

मी तशीच उभी राहिले. भजीवाल्यानं कागदात चार भजी बांधून न विचारता माझ्या हातात ठेवली. मागं नाक ओढल्याचा आवाज येत होता, आणि माझ्या वेणीचा शेंडा कुणाच्या तरी बोटाभोवती गुंडाळला जात होता, सुटत होता, पुन्हा गुंडाळला जात होता.